रुक्मिणीनं पत्र लिहिलं, मग लग्न कुणी लावलं?



आमच्या पाटोद्याकडं, आणि तसं बघितलं तर सगळ्या महाराष्ट्रातच, मुलीचं लग्न लांबलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास सांगतं, "रुक्मिणी स्वयंवराचं पारायण कर, स्थळ येईल." ही पोथी म्हणजे पैठणच्या संत एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर'. अठरा प्रसंग, १७१२ ओव्या, शके १४९३ म्हणजे इ.स. १५७१ मध्ये काशीत पूर्ण झालेली.

आता जरा थांबून विचार करा. चांगलं स्थळ यावं, घरच्यांनी बघावं, रीतसर लग्न व्हावं म्हणून ज्या पोथीचं पारायण करतात, तिची नायिका काय करते? भावानं ठरवलेलं स्थळ नाकारते. कधी न भेटलेल्या पुरुषाला स्वतः पत्र पाठवते. लग्नाच्या तोंडावर देवीच्या देवळातून बाहेर पडते आणि त्याच्या रथात बसून निघून जाते. हेच एखाद्या घरातल्या मुलीनं केलं, तर पारायणाचा सल्ला देणारं तेच मोठं माणूस काय म्हणेल, ते सांगायची गरज नाही.

मग ही पोथी ठरवून केलेल्या लग्नाची पोथी कशी झाली? या लेखात मी हाच प्रश्न घेतलाय. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना याचा दुहेरी उपयोग आहे. एक तर मध्ययुगीन प्रेमकथांमध्ये वर्ग, प्रेम आणि लग्न यांचं नातं कसं असतं ते कळेल. दुसरं, एखाद्या ओळखीच्या मजकुरातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा हेही दिसेल. मी स्वतः विज्ञानात एम.एस्सी. केलेली आहे, त्यामुळे मोजण्याची खोड आहे. ती इथं कामाला येते.

आधी युरोपात एक चक्कर

या विषयावर वाचायला घेतलं की पहिली पुस्तकं युरोपवरची हाती लागतात. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये नाइट म्हणजे घोडेस्वार सरदारांच्या प्रेमाच्या आणि पराक्रमाच्या कथा लिहिल्या जाऊ लागल्या. त्यांना 'रोमान्स' म्हणतात. क्रेतियां द त्र्वा हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा कवी. त्याच्या एका कथेत लान्सलॉट राणीच्या शोधात निघालेला असतो. वाटेत त्याला गुन्हेगारांना वाहून नेणाऱ्या गाडीत बसायची वेळ येते. सरदारानं त्या गाडीत बसणं म्हणजे इज्जत गेली. तो दोन पावलं घुटमळतो आणि मग चढतो. पुढं राणी त्याच्यावर रागावते ती गाडीत बसला म्हणून नाही, तर ती दोन पावलं घुटमळला म्हणून! म्हणजे प्रेमाची परीक्षा कशात? स्वतःचा दर्जा किती लवकर सोडतोस, यात.

हे वाचून वाटतं, या कथा दर्जा झुगारणाऱ्या आहेत. पण जरा खोलात जा. लान्सलॉट गाडीत बसला तरी राजाचाच मुलगा असतो. 'गाय ऑफ वॉरिक' या इंग्लंडातल्या कथेत कारभाऱ्याचा मुलगा उमरावाच्या मुलीवर प्रेम करतो. ती त्याला सरळ हो म्हणत नाही. आधी नाइट हो, मग जगातला सगळ्यात मोठा नाइट हो, मग बघू, असं सांगते. मुलगा वर चढतो आणि मगच लग्न होतं. शिडी मोडत नाही, मुलगा ती चढून जातो, एवढंच.

या कथांच्या मागं जमिनीचा हिशोब होता. फ्रेंच इतिहासकार जॉर्ज द्युबी यांनी दाखवलंय की त्या काळात जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून सरदार घराण्यांत धाकट्या मुलांची लग्नं सहसा होऊ देत नसत. असे बिनलग्नाचे, बिनजमिनीचे तरुण स्वार गावोगाव फिरत. एखादी वारसदार मुलगी मिळाली तर त्यांचं नशीब उघडणार. या तरुणांना कोणती गोष्ट गोड लागेल? पराक्रम करून मोठ्या घरची मुलगी मिळवल्याची.

आणि प्रेम करायचा हक्क तरी कुणाला? बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस कापेलानुस यानं प्रेमावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात स्त्री-पुरुषांचे संवाद चक्क वर्गवारीनं लावलेत: सामान्य पुरुष आणि उमराव स्त्री, उमराव आणि सामान्य स्त्री, असे. शेतकऱ्यांबद्दल मात्र तो म्हणतो की प्रेम ही त्यांची गोष्टच नाही, आणि शेतकरी स्त्री आवडली तर बळजबरीचा सल्ला देतो. हा ग्रंथ गंभीर की उपहासाचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण त्यातली चौकट स्पष्ट आहे. नाजूक प्रेम वरच्यांसाठी, खालच्यांसाठी नाही.

युरोपचं एवढं पुरे. ही चौकट जशीच्या तशी उचलून आपल्या मजकुरावर बसवायची नाही. तिच्यातून फक्त प्रश्न घ्यायचे: दर्जाची गोष्ट कोण काढतं, मुलीची निवड कुठं मोजली जाते, आणि शेवटी लग्न कोण लावून देतं.

गवळ्याला मुलगी द्यायची?

रुक्मिणीची कथा मुळात भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. विदर्भाचा राजा भीष्मक, मराठी पोथ्यांतला भीमक, त्याची ही मुलगी. राजधानी कुंडिनपूर म्हणजे आजचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, वर्धा नदीच्या काठावरचं. घरची बाकी मंडळी कृष्णाला मुलगी द्यायला तयार असतात. आडवा येतो मोठा भाऊ रुक्मी. तो चेदीचा राजा शिशुपाल हे स्थळ पक्कं करतो आणि बाप मुलाच्या पुढं गप्प बसतो. बाप तयार, भाऊ आडवा. हे चित्र आपल्याला काही नवीन नाही.

रुक्मीचा आक्षेप काय? कृष्णाशी त्याचं वैर आहेच. पण त्याच्या तोंडी जो टोमणा वारंवार येतो तो दर्जाचा आहे. हा गाई राखणाऱ्यांत वाढलेला, याचं राज्य कुठंय? आणि बघितलं तर हा आक्षेप कागदावर अगदी खोटाही नाही. ययातीच्या शापामुळं यदुकुळातल्यांना सिंहासनावर बसता येत नाही. मथुरेत गादीवर उग्रसेन असतो, कृष्ण नाही. जरासंधाच्या स्वाऱ्यांमुळं सगळं गाव समुद्राकाठी हलवावं लागलेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलाच्या नावावर सात-बारा नाही, घर परमुलखात, आणि लहानपण गोठ्यात गेलेलं.

भागवतात याची एक फार सुंदर जागा आहे. लग्नानंतर कितीतरी काळानं कृष्ण रुक्मिणीची थट्टा करतो. तू राजकन्या, तुला मोठमोठे राजे मागत होते, आणि आम्ही राजांना भिऊन समुद्रात येऊन राहिलेले. लग्न आणि मैत्री बरोबरीच्यांत होते, पैसा, जन्म, वैभव सारखं असेल तिथं. तू चुकलीस, अजूनही योग्य क्षत्रिय बघ. रुक्मीचं म्हणणंच तो स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवतो. ते ऐकून रुक्मिणी बेशुद्ध पडते. शुद्धीवर आल्यावर मात्र ती एकेका मुद्द्याला उत्तर देते. विषमतेचा मुद्दा ती उलटा फिरवते: तू त्रिभुवनाचा स्वामी, बरोबरीची नाही ती मीच.

हे नीट बघा. ती "दर्जा महत्त्वाचा नाही" असं म्हणत नाही. ती म्हणते, तुम्ही दर्जा चुकीचा मोजलात, हा तर सगळ्यांच्या वर आहे. लान्सलॉट काय, गाय काय, कृष्ण काय, खालचा वाटणारा नायक शेवटी वरचाच निघतो. कथेत प्रेम हे घराच्या निवडीविरुद्ध जातं, पण दर्जाच्या उतरंडीविरुद्ध जात नाही. खरोखरच्या गवळ्याचं पोर राजकन्येला घेऊन गेलंय, आणि तो शेवटपर्यंत गवळीच राहिलाय, अशी कथा या परंपरेत शोधून बघा. हात रिकामे राहतील.

पत्र, आणि 'पळून' की 'पळवून'

रुक्मिणीचं पत्र भागवतात सात श्लोकांचं आहे. एक ब्राह्मण ते द्वारकेला घेऊन जातो. एकनाथांनी त्याला सुदेव असं नाव दिलंय. पत्रात भक्ती आहे, लाज आहे, पण मला त्यातली व्यवहारी हुशारी जास्त आवडते. ती स्वतःच अडचण मांडते की मी राजवाड्याच्या आत असते, तिथून नेशील तर माझ्या नातेवाइकांना मारावं लागेल. मग स्वतःच वाट काढते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाच्या रीतीनं नवरी गावाबाहेरच्या अंबिकेच्या दर्शनाला जाते, तिथून ने. ठिकाण, वेळ, पद्धत, सगळं तिनं ठरवलेलं. आणि पत्रात ती विवाहाचा प्रकारही सांगते: राक्षस विधीनं मला ने.

इथं कायद्याचा भाग समजून घ्यायला हवा. मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार आहेत. दोघांच्या इच्छेनं होतो तो गांधर्व. मुलीच्या घरच्यांना मारून, तोडफोड करून, रडणाऱ्या मुलीला बळानं नेलं तर तो राक्षस. क्षत्रियांना हे दोन्ही चालतात, एकत्रही चालतात. म्हणजे विवाहाचा प्रकारसुद्धा वर्ण बघून ठरलेला.

आता रुक्मिणीला यातल्या कोणत्या खान्यात टाकाल? ती रडत नाहीये, तिनंच बोलावलंय. तरी प्रकाराचं नाव 'राक्षस', कारण नाव ठरतं ते घरच्यांवर झालेल्या बळावरून. मुलीची मर्जी होती की नव्हती, हे त्या नावात दिसतच नाही. त्याच काळात, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोप तिसरा अलेक्झांडर याच्या वेळी चर्चचा कायदा असा स्थिरावला की मुलगा-मुलीनं एकमेकांना आत्ता, या क्षणी पती-पत्नी मानतो असं म्हटलं की विवाह वैध. बापाची परवानगी नसली तरी. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं मग लग्न आधी जाहीर करायचं बंधन घातलं. तिथं संमती कायद्यात आली, इथं ती काव्यात आली.

आपल्या मराठीत हा सगळा वाद एका अक्षरात मावतो. मुलगी 'पळून गेली' आणि मुलीला 'पळवून नेली'. मध्ये फक्त एक 'व'. पहिल्यात कर्ती मुलगी, दुसऱ्यात कर्ता दुसराच कुणीतरी. आजही सज्ञान मुलीनं मनानं लग्न केलं की घरचे पोलीस ठाण्यात जाऊन पुष्कळदा दुसरंच वाक्य सांगतात.

या कथेच्या नावांतही तेच आहे. सतराव्या शतकातल्या सामराजानं याच प्रसंगावर काव्य लिहिलं, त्याचं नाव 'रुक्मिणीहरण'. महानुभाव कवी नरेंद्र, एकनाथ आणि आपल्या बीडचा विठ्ठल कवी यांनी मात्र नाव दिलं 'रुक्मिणीस्वयंवर'. प्रसंग एकच. पण खरं तर या कथेत स्वयंवर कुठं आहे? राजे बसलेत, मुलगी हार घेऊन फिरतेय, असा मंडप नाहीच. तरी 'स्वयंवर' म्हटलंय, म्हणजे कवींनी कर्तेपण मुलीकडं ठेवलंय. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं: ग्रंथाचं शीर्षक हासुद्धा पुरावा असतो, तो सोडून पुढं जायचं नाही.

मोजून बघितलं तर

आता माझी खोड. भागवतात लग्नाला किती जागा आहे ते मोजलं. रुक्मिणीचं पत्र सात श्लोक. हरण आणि लढाई यांना बराच मोठा भाग. आणि द्वारकेत आणून विधीपूर्वक लग्न केलं, ही गोष्ट एका श्लोकात संपते. त्यापुढं थोडे श्लोक गावाच्या आनंदाचे, आणि अध्याय पूर्ण.

एकनाथांकडं प्रमाण पार बदलतं. लढाई झाल्यावर कथा संपत नाही. मूळमाधवाला लग्न ठरतं. भीमक येतो, मुलीची आई शुद्धमती येते. मग अंतरपाट, रुखवत, व्याह्यांचे मानपान, विहिणींचे रुसवेफुगवे, असा सोळाव्या शतकातल्या मराठी घरातला पुरा सोहळा येतो. अर्थात एकनाथ प्रत्येक विधीला वेदान्ताचा अर्थ जोडत जातात. त्यांच्या दृष्टीनं हे जीव आणि शिवाचं लग्न आहे. तो अर्थ बाजूला सारायचा नाही. पण अर्थ कोणत्या घड्यात भरलाय तेही बघायचं. घडा आपल्या ठरवून केलेल्या लग्नाचा आहे.

म्हणजे बघा: नाव स्वयंवराचं, घटना हरणाची, आणि शेवट कन्यादानाचा. पळून जाण्यानं जे फाटलं ते सोहळ्यानं शिवलं. बापाला परत मान मिळाला, आईला मांडव मिळाला, गोतावळ्याला जेवण मिळालं. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. पारायण करणारी मुलगी पत्रापाशी थांबत नाही, ती मांडवापर्यंत वाचते. ऐकणाऱ्या घरालाही मांडवच ऐकू येतो. एकाच पोथीत बंडही आहे आणि समेटही, म्हणून ती पोथी घराघरांत टिकली.

पण समेट पक्का झाला का? भागवत इथं फार प्रामाणिक आहे. हरलेल्या रुक्मीची कृष्ण दाढी-मिशी अर्धवट भादरून विटंबना करतो, आणि बलराम कृष्णालाच बोल लावतो की सोयऱ्याशी असं वागू नये. पुढं हाच रुक्मी आपली मुलगी रुक्मवती हिचं लग्न रुक्मिणीच्या मुलाशी, प्रद्युम्नाशी, होऊ देतो. म्हणजे मामाची मुलगी! इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न कसं चालतं, आत्याच्या मुलीशी मात्र बऱ्याच ठिकाणी कसं चालत नाही, हे तपशिलात मांडलंय. त्या पिढीनंतर नात रोचना हिचंही लग्न रुक्मिणीच्या नातवाशी, अनिरुद्धाशी, होतं. दोन पिढ्या सोयरीक करून जखम भरायचा प्रयत्न.

आणि त्याच शेवटच्या लग्नात रुक्मी आणि बलराम फासे खेळायला बसतात. डाव चिघळतो आणि रुक्मी काय म्हणतो? फासे आणि बाण हे राजांचे खेळ, तुम्ही रानात गाई राखणारे, तुम्हाला काय कळणार! सोयरीक दोनदा झाली, नातवंडं लग्नाची झाली, तरी टोमणा तोच. या टोमण्यापायी बलराम त्याला तिथंच ठार मारतो. लग्नानं माणसं जोडली, दर्जाचा हिशोब मात्र मिटला नाही. मला विचाराल तर वर्ग आणि लग्न यांवरचं भागवतातलं सगळ्यात खरं वाक्य हे आहे, आणि ते खलनायकाच्या तोंडी आहे.

कवी कोण, आश्रयदाता कोण

मजकूर कुणी लिहिला आणि कुणाच्या पैशावर, हे विचारल्याशिवाय वर्गाचा अभ्यास पुरा होत नाही. नरेंद्राचं 'रुक्मिणीस्वयंवर' १२९२ च्या सुमाराचं, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळातलं. महानुभाव परंपरा अशी गोष्ट सांगते की राजाला काव्य इतकं आवडलं की ते आपल्या नावावर करावं म्हणून त्यानं ओवीमागं सोन्याचं नाणं देऊ केलं. नरेंद्रानं नकार दिला, कविकुळाला बट्टा लागेल म्हणून. पुढं तो महानुभाव पंथात गेला.

ही परंपरेतली गोष्ट आहे, ती तशीच सांगायची. पण राजाला नेमकं हेच काव्य का हवं असावं? देवगिरीचे यादव स्वतःला द्वारकेच्या यदुवंशाचे म्हणवत. 'द्वारावतीपुरवराधीश्वर' ही त्यांची बिरुदावली होती. म्हणजे कृष्णाचं लग्न हे त्यांच्या दृष्टीनं पूर्वजाचं लग्न. गाई राखणाऱ्याचा टोमणा खाऊन शेवटी राजांच्या वर बसणाऱ्या कुळाची कथा त्यांना आपली वाटली असेल, असा माझा अंदाज आहे. अंदाजाला अंदाज म्हणायचं, हीसुद्धा संशोधनाची शिस्तच.

नरेंद्राच्याही आधी हे लग्न एका बाईनं गायलंय. महदाइसा, मराठीतली आद्य कवयित्री. विदर्भात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा लटका सोहळा मांडला गेला, तेव्हा तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे वरासाठी गायची गाणी, रचली. महदाइसा बालविधवा होती. ज्या समाजात विधवेला मांडवाच्या कडेलाही उभं राहू देत नसत, तिथं एका विधवेनं लग्नाची गाणी रचावीत आणि पंथानं ती जपावीत, हे साधं नाही. राजाच्या नाण्यांनी जे झालं नाही ते इथं पंथाच्या आश्रयानं झालं. आपल्या बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं पांचाळेश्वर हे याच पंथाचं मोठं तीर्थस्थान आहे. शेकडो वर्षं सांकेतिक लिपीत जपलेलं हे साहित्य वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडल्यावर सगळ्यांसाठी खुलं होत गेलं.

आणि बीडच्या विठ्ठल कवीनं रुक्मिणीबरोबर बिल्हणचरित्रही लिहिलंय. बिल्हण हा अकराव्या शतकातला खराखुरा काश्मिरी कवी, कल्याणीच्या चालुक्य दरबारातला. दंतकथेत मात्र तो राजकन्येचा शिक्षक होतो, दोघं प्रेमात पडतात, राजा देहदंड फर्मावतो, आणि मरणाच्या दारात त्यानं म्हटलेली कविता ऐकून राजा विरघळतो व लग्न लावून देतो. इथं नायक खरोखर नोकरदार आहे. त्याला वाचवतं काय? विद्या. आणि लग्न लावून देतो कोण? पुन्हा राजाच.

हे सगळं आज कशाला?

कारण आपल्या भागात लग्न ही अजूनही घराच्या हिशोबाची गोष्ट आहे. द्युबींच्या सरदारांना जमीन फुटू नये म्हणून मुलांची लग्नं अडवावी लागली. आमच्याकडं उलटं होतं. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल मिळते ती जोडीला. आई-वडील सहा महिने कारखान्यावर, मागं वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर. म्हणून लग्नं लवकर उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं, तर बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या वर. या आकड्यातल्या किती जणींना पत्र लिहायची संधी मिळाली असेल?

आणि कथांमध्ये या मुली कुठं आहेत? रुक्मिणीबरोबर देवळात गेलेल्या दासी आठवा. त्यांची नावं नाहीत, त्यांची लग्नं नाहीत. आंद्रेआसच्या ग्रंथातल्या शेतकरी स्त्रीला उत्तर द्यायला संवाद नाही. प्रेमकथेत जागा मिळणं हीच एक मालमत्ता होती, आणि ती सगळ्यांकडं नव्हती.

तुम्हाला करण्यासारखं काम

मोठी ग्रंथालयं लांब आहेत म्हणून अडून बसू नका. घरात किंवा शेजारी रुक्मिणीस्वयंवराची पोथी असतेच. ती घ्या आणि एका वहीत चार रकाने आखा.

पहिल्या रकान्यात: मुलगी स्वतः बोलते त्या ओव्या किती आणि कोणत्या प्रसंगात. दुसऱ्यात: कुळ, राज्य, गाई राखणं, संपत्ती यांचा उल्लेख कोण करतं. तिसऱ्यात: लग्नविधींना किती जागा दिलीय. चौथ्यात: नाव नसलेली माणसं कोणती.

मोजून झालं की मग अर्थ लावायचा, आधी नाही. आणि एक काळजी घ्या. वर्ग, वर्ण आणि जात हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. फ्रान्समधला उमराव म्हणजे आपला क्षत्रिय नव्हे, आणि भागवतातला गोप म्हणजे आजची एखादी जात नव्हे. मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत तुम्हाला इथंच धरतात, आणि बरोबरच करतात.

जमलं तर पाचवं एक काम. ज्यांनी हे पारायण केलंय अशा गावातल्या दोन-चार बायकांना विचारा, त्यांना कोणता प्रसंग पाठ आहे, पत्राचा की मांडवाचा. त्यांची नावं लिहू नका, परवानगी घेऊन उत्तरं तेवढी टिपा. पोथीत काय लिहिलंय ते आपण वाचून सांगू शकतो. ती वाचताना त्यांच्या मनात काय होतं, हे फक्त त्याच सांगू शकतात.